गिअर टाकताना खडाक आवाज यायलाय? गिअरबॉक्स खोलायच्या आधी क्लचची ढिल बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी हंड्रेड सीसीची, आठेक वर्षं जुनी, रोज अंबाजोगाई ते लातूर जाणंयेणं. क्लच वायर रस्त्यात तुटली म्हणून तिथंच एका दुकानात नवीन टाकून घेतली, आणि तेव्हापासून पहिला गिअर टाकला की खडाक, दुसरा पडताना कधी कधी खर्रर, सिग्नलला उभं राहिलं की न्यूट्रल सापडत नाही. मेस्त्री म्हणायलाय गिअरबॉक्स गेला, इंजिन उतरवावं लागंल, सहा हजार धरून चाला. तर खोलू का, आणि तोवर गाडी चालवू का?

खोलू नका भाऊ. निदान आत्ताच नका. तुम्हीच लिहिलंय की वायर बदलली तेव्हापासून आवाज यायलाय, मग गिअरबॉक्सला काय वायरीचा मुहूर्त सापडला होता का त्याच दिवशी खराब व्हायला? गिअरबॉक्स असा एका दिवसात जात नाही, तो आधी महिनोन्‌महिने कुरकुर करतो, गिअर आपोआप निसटतो, ऑइलमध्ये चकचकीत लोखंडाचा चुरा दिसतो. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. मला तरी ऐंशी टक्के वाटतंय की क्लच पूर्ण सुटत नाही, आणि त्याचं औषध दोन पान्यांत आहे.

आधी आत काय होतंय ते समजून घ्या म्हणजे कुणी काहीही सांगून गंडवणार नाही. क्लचमध्ये भाकरीच्या चवडीसारख्या प्लेटा एकावर एक असतात, एक घर्षणाची, एक लोखंडी, परत एक घर्षणाची, आणि स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात, म्हणून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जाते. तुम्ही लिव्हर ओढली की वायर खालचा क्लच आर्म फिरवते, आर्म आतल्या प्रेशर प्लेटला सरकवतो आणि चवड मोकळी होते. आता गंमत अशी की हे सरकणं जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं असतं, तेवढ्यात सगळ्या प्लेटांनी एकमेकींना सोडायचं असतं. म्हणजे वर लिव्हरला सेंटिमीटरभर हालचाल फुकट गेली तरी खाली प्लेटांच्या वाट्याचं अंतर चांगलंच कमी होतं. मग प्लेटा अर्धवट चिकटून राहतात, क्लच दाबलेला असूनही इंजिन गिअरबॉक्सला ओढत राहतं, आणि अशा फिरत्या गिअरवर तुम्ही पाय मारता. मोटरसायकलीत गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, गिअर टाकता तेव्हा त्यांच्या बाजूला असलेले जाड खुंटे, त्याला डॉग म्हणतात, ते शेजारच्या गिअरच्या खाचेत जाऊन बसतात. एक बाजू फिरतीय, दुसरी उभीय, मग खडाक होणारच की.

पण सगळाच आवाज आजार नसतो, हेबी सांगतो, कारण निम्मे लोक उगंच घाबरून येतात. ऑइलमध्ये भिजलेला क्लच आहे, सकाळी थंड ऑइल घट्ट असतं, प्लेटा त्या ऑइलनंच एकमेकींना थोडं ओढतात, त्यामुळं दिवसाचा पहिला गिअर जरा जोरात पडतोच. एक ‘टक’ आला आणि गाडी जागची हलली नाही तर तो सोडून द्या. गाडीनं पुढं हिसका मारला, किंवा गरम झाल्यावरही तोच आवाज येत असंल, किंवा दुसऱ्या-तिसऱ्याला खर्रर करत असंल, तर मग बघायला पाहिजे. घरच्या घरी एक परीक्षा करा. इंजिन चांगलं गरम झालं की न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण ओढा, तीन-चार सेकंद तसाच धरा, मग पहिला टाका. थांबून टाकल्यावर आवाज जवळजवळ गेला तर क्लच सुटतोय, फक्त आतलं फिरणं थांबायला वेळ लागतोय, म्हणजे दुखणं किरकोळ. थांबूनही तसाच खडाक आला तर प्लेटा सुटतच नाहीत.

दुसरी परीक्षा मेन स्टँडवर. पहिला टाका, क्लच दाबून धरा, मागचं चाक बघा. हळूहळू फिरलं तर काळजी नको, ऑइलच्या ओढीनं तेवढं फिरतं. आता मागचा ब्रेक हलकाच दाबा. चाक गुमान थांबलं आणि इंजिन तसंच चालू राहिलं तर ठीक. चाक थांबताना इंजिन दबायला लागलं, बंद पडायला लागलं, तर क्लच अडकतोय हे पक्कं.

आता दुरुस्ती. आणि इथंच मेस्त्री लोक घाई करतात, डायरेक्ट खाली बसून पाना लावतात. मी आधी हँडलपाशी उभा राहतो. लिव्हर ज्या बोल्टवर फिरते तो बोल्ट बघा, लिव्हर वरखाली हलवून बघा. खूप चाललेल्या गाडीत ते भोक घासून लांबट होतं, बोल्टलाही एका बाजूनं खड्डा पडतो, आणि मग लिव्हर ओढली की आधी ती त्या मोकळ्या जागेत सरकते, वायर नंतर ओढली जाते. वायर कितीही ताणा, हे जाणार नाही. नवीन लिव्हर आणि बोल्ट टाकला की काम होतं, फार पैशाचं नाही ते. गाडी कधी डाव्या अंगाला पडली असंल आणि लिव्हर आत वाकली असंल तर तीही ग्रिपला लवकर टेकते, क्लच अर्ध्यातच राहतो.

आणि ग्रिप! आपल्याकडं नवी गाडी घेतली की पहिलं काम काय तर ग्रिपवर जाड फोमचं कव्हर चढवायचं, वर गोंडे. एक दूधवाला यायचा माझ्याकडं, दोन्ही बाजूला कॅन, गाडी कायम लोड, त्याची हीच तक्रार होती की गिअर वाजतात. वायर चांगली, प्लेटा चांगल्या, ऑइल ताजं. लिव्हर पूर्ण दाबा म्हणलं तर त्यानं दाबली, आणि बघतो तर लिव्हर फोममध्ये रुतून थांबलेली, फोम काढला असता तर बोटभर अजून आत आली असती. चाकूनं ते कव्हर कापून टाकलं, बिल शून्य. त्याला ते पटलंच नाही, परत परत गिअर टाकून बघत होता. तर तुमच्या ग्रिपवर काही चढवलेलं असंल तर आधी ते काढा आणि मग पुढचं वाचा.

आता ढिल. लिव्हरच्या टोकाला हलक्या बोटानं ओढून बघा, वायरीचा ताण लागेपर्यंत टोक किती मोकळं हलतं ते म्हणजे ढिल, फ्री प्ले म्हणतात त्याला. बहुतेक हंड्रेड-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते, तुमच्या गाडीच्या पुस्तकात नक्की आकडा असंल, तोच धरा. काही कंपन्या टोकाला न मोजता लिव्हरच्या बुडाशी फट मोजायला सांगतात, तिथं आकडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. तुमच्या गाडीला ढिल तीस-पस्तीस निघंल असा माझा अंदाज आहे, कारण नवीन वायर पहिल्या काही दिवसांत बसते, तिचं बाहेरचं कव्हर दबतं, आणि ज्यानं टाकली त्यानं त्यावेळी बरोबर लावली असली तरी नंतर परत कुणी हात लावलेला नाही. वायर नवीन टाकली की आठवड्यानं परत अ‍ॅडजस्ट करायचीच असते, हे दुकानदार सांगतच नाहीत.

अ‍ॅडजस्ट थंड इंजिनवर करा, हँडल सरळ ठेवून. खाली इंजिनजवळ जिथं वायर आर्मला जाते तिथं आट्यांचा दांडा आणि दोन नट दिसतील, एक लॉक नट, एक फिरवायचा. दोन पाने लागतात, दहा-बाराचा किंवा चौदाचा, गाडीप्रमाणं, एकानं धरायचं एकानं फिरवायचं, एकाच पान्यानं जोर लावला की ब्रॅकेट वाकतं. तिथं आधी घासून पुसून घ्या. आपल्या काळ्या रानातनं आलेल्या गाडीला आर्मवर चिखल बसून वाळून दगड झालेला असतो, आर्म परत जायचं नावच घेत नाही, आणि लोक वायरीला शिव्या देतात. तुमच्या गाडीला वर लिव्हरपाशीही अ‍ॅडजस्टर असंल तर तो आधी बहुतेक पूर्ण आत फिरवून ठेवा, एखादा आटा सोडा, मग मोठं काम खालच्या नटावर करा आणि शेवटची बारीक कमीजास्त वरून. उलटं केलं, म्हणजे वरचाच अ‍ॅडजस्टर बाहेर काढत काढत गेलं, तर तो थोड्याच आट्यांवर राहतो आणि एक दिवस खाच्यातनं मोडतो. अजून एक, वरच्या अ‍ॅडजस्टरची चीर आणि लिव्हर ब्रॅकेटची चीर एका रेषेत ठेवू नका, पाणी आत जातं आणि वायर निसटायची भीती.

ढिल पंधराच्या आसपास आली की लॉक नट कसा, कसल्यावर परत मोजा कारण कसताना ती हमखास बदलते. मग हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवून दोन्हीकडं ढिल बघा. एका बाजूला संपत असंल तर वायर चुकीच्या वाटेनं नेलीय, हेडलाइटच्या मागं किंवा टाकीखाली कुठंतरी दबायलीय. रस्त्यात घाईनं टाकलेल्या वायरीत हे लई वेळा दिसतं. वायर हातात काढली तर ती सरळ धरून आतली तार सरकवून बघा, लोण्यासारखी सरकायला पाहिजे. अडखळत असंल तर वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून त्यात इंजिन ऑइलचे थेंब सोडा, खालून बाहेर येईपर्यंत. ग्रीस आत भरू नका, धुळीत ते घट्ट होतं. ग्रीस फक्त टोकाच्या गोळीला, कारण ती गोळी लिव्हरमध्ये फिरली नाही की तिथंच तार दुमडते आणि एकेक केस तुटत जातो. तुमची आधीची वायर कुठं तुटली होती? गोळीपाशीच तुटली असंल तर कारण हेच.

इथं एक सावधगिरी. ढिल जास्त झाली तर गिअर वाजतात, म्हणून काही लोक वायर टाइट्ट करून टाकतात, ढिल शून्य, आणि गिअर एकदम लोण्यावानी पडायला लागतात, माणूस खूष होतो. महिन्याभरात प्लेटा जळतात. कारण ढिल नाही म्हणजे तुम्ही क्लच थोडा दाबूनच चोवीस तास गाडी चालवताय, इंजिन गरम झालं की उरलीसुरली ढिलही जाते. ट्रिपल सीट मांजरसुंब्याचा घाट चढताना मग आवाज मोठा आणि गाडी जागेवर, वर तो जळका वास. म्हणून अ‍ॅडजस्ट केल्यावर रिकाम्या रस्त्यावर वरच्या गिअरला चाळीसच्या वेगात एकदम रेस देऊन बघा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी त्या मानानं पळाली नाही तर क्लच घसरतोय, ढिल थोडी वाढवा.

आणि ही खूण लक्षात ठेवा, बऱ्याच मेस्त्र्यांनाही सांगता येत नाही: ढिल आपोआप वाढत असंल तर वायर ताणतेय किंवा लिव्हर-आर्म घासलेत. ढिल आपोआप कमी होत असंल तर प्लेटा झिजायल्यात, कारण प्लेटांची जाडी कमी झाली की प्रेशर प्लेट सरकून आर्मच्या बाजूचं अंतर खाऊन टाकते. त्यावर वायर सैल करून तात्पुरतं भागतं, पण पैसे बाजूला ठेवायला लागा.

क्लच बरोबर निघाला आणि तरी आवाज राहिला तर आत शिरायच्या आधी दोन गोष्टी. पहिली स्लो, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीत इंजिन किती वेगानं फिरतं ते. उभ्या गाडीला रेस जास्त सेट असंल तर कितीही चांगला क्लच असू द्या, पहिला खाडकन पडणार. या छोट्या इंजिनांचा स्लो साधारण १४०० आरपीएमच्या आसपास असतो, थंडीत गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी स्क्रू पिळलेला असतो आणि उन्हाळा आला तरी तसाच असतो. कार्ब्युरेटरची गाडी असंल तर गरम इंजिनवर स्क्रूनं कमी करा, फ्युएल इंजेक्शनची असंल तर स्वतः उचकू नका. दुसरी चेन. सैल चेन गिअर बदलताना झटका खाते आणि तो आवाज माणसाला थेट गिअरबॉक्समधनं आल्यासारखा वाटतो. न्यूट्रलला मेन स्टँडवर चाक फिरवत चेनची सगळ्यात टाइट जागा शोधा, तिथं खालच्या बाजूला मध्यभागी वरखाली हलवा, अडीच-तीन सेंटिमीटरच्या आत पाहिजे. मागच्या हबमधले रबरही बघून घ्या, ते पिचले की चाक पुढंमागं हिसकलं तरी ठकठक येतं.

ऑइलचं तर बोलायलाच नको. डब्यावर जासो एमए किंवा एमए टू लिहिलेलं ऑइलच टाका, ऑइलमध्ये भिजलेल्या क्लचसाठीचा दर्जा आहे तो. एमबी लिहिलेलं स्कूटरसाठी असतं, त्यात घर्षण कमी करणारा माल असतो, क्लच घसरतो. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल गाडीत ओतणारेही आपल्याकडं आहेत, त्यांना काय सांगावं. आणि मराठवाड्यात ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला जातं म्हणून १०डब्ल्यू३० च्या गाडीत २०डब्ल्यू५० (हे ऑइलच्या जाडीचे आकडे, मोठा आकडा म्हणजे जाड) टाकायची जी फॅशन आहे ती मला पटत नाही, कंपनीनं आपलं ऊन धरूनच आकडा दिलाय, आणि तेच जाड ऑइल डिसेंबरच्या पहाटे प्लेटा चिकटवून ठेवतं. पातळीपेक्षा जास्त ऑइल भरलं तरी क्लच ओढतो, तेव्हा ‘थोडं जास्तच टाका’ असं दुकानात सांगू नका.

हे सगळं झालं आणि क्लच अजून सुटतच नसंल तर उजवीकडचं क्लच कव्हर उघडावं लागंल. लक्षात घ्या, कव्हर उघडणं आणि इंजिन उतरवून गिअरबॉक्स खोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कव्हरचं काम गाडी जागेवर असताना होतं. आत तीन ठिकाणी बघायला सांगा. लोखंडी प्लेट जळून निळी पडलीय का आणि वाकडी झालीय का, ती काचेवर ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघतात, ०.२० मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असला की फेकायची. मग हाऊसिंगच्या, म्हणजे प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या, उभ्या दांड्यांवर बोट फिरवा. घर्षणाच्या प्लेटांचे कान तिथं आपटून आपटून पायऱ्या पाडतात, आणि क्लच दाबला तरी प्लेटा त्या पायऱ्यांत अडकून राहतात, नवीन प्लेटा टाकूनही आवाज तसाच राहतो तो यामुळं. हलकी पायरी बारीक कानशीनं साफ होते, नखभर खोल असंल तर हाऊसिंगच बदला. तिसरं, ढकलणारा रॉड आणि त्याचं बेअरिंग. नवीन घर्षण प्लेटा टाकल्या तर बसवायच्या आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवायला लावा, स्प्रिंगा सगळ्या एकदम बदला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत कसायचे, पॅकिंग नवीन.

एक वेगळी केस, आपल्या बीडकडं जास्त. ऊसतोडीला माणसं पाच-सहा महिने बाहेर, गाडी घरी उभी. परत येऊन किक मारली, पहिला टाकला की गाडी उडी मारून बंद. प्लेटा जुन्या ऑइलनं एकमेकींना चिकटलेल्या असतात, बिघाड नसतो. इंजिन बंद ठेवून वरच्या गिअरला टाका, क्लच दाबून धरा आणि गाडी जोरात पुढंमागं ढकला, सुटतात. मग गरम करून ऑइल बदला.

राहिला तुमचा शेवटचा सवाल, तोवर चालवू का. वायर अ‍ॅडजस्ट करेपर्यंत लातूरच्या दोन-चार फेऱ्यांनी काही बिघडत नाही, पण रोज असंच खडखड करत महिनोन्‌महिने चालवली तर डॉगचे कोपरे गोल होतात आणि मग गिअर निसटायला लागतो, तेव्हा मात्र मेस्त्रीचं सहा हजाराचं म्हणणं खरं होईल. तोवर न्यूट्रल गाडी पूर्ण थांबायच्या आत, चाक फिरत असतानाच काढत जा. उभ्या गाडीत गिअर अडला तर पायानं लाथा घालू नका, क्लच किंचित सोडून परत दाबा किंवा गाडी वीतभर पुढं ढकला, डॉग समोरासमोर आलेले असतात, तेवढ्यानं जागा सापडते. ढिल किती निघाली आणि ब्रेक दाबल्यावर इंजिन दबलं का नाही, एवढ्या दोन गोष्टी बघून सांगा, म्हणजे कव्हर उघडायचं का नाही ते सांगता येईल.